ओंजळीला दोन्ही हात लागतात

पाडवा झाला की चार-आठ दिवसांत ताडकळसच्या स्टँडापुढच्या कडुलिंबाखाली वाळूचा एक ढीग येऊन पडतो, आणि मला कळतं, आपला मोसम आला. लोकांचा उन्हाळा कुलरच्या घरघरीनं सुरू होतो, कुणाचा रसवंतीच्या घुंगरांनी. माझा त्या वाळूनं होतो. वाळूत खड्डा करायचा, रांजण अर्धा पुरायचा, वरच्या अर्ध्याला गोणपाट गुंडाळायचं आणि ते भिजवत राहायचं. नव्या रांजणाचं पहिलं पाणी कुणाला देत नाहीत. ते दिवसभर तसंच ठेवतात, मातीला पोटभर पिऊ देतात, आणि उरलेलं संध्याकाळी कडुलिंबाच्या बुडाशी ओततात. यंदाही ते सगळं केलं. ओल्या मातीचा वास सुटला तेव्हा मी फावडं टाकून थोडा वेळ नुसताच बसलो होतो.

मला या रांजणाचं दर वर्षी नव्यानं नवल वाटतं. बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, डांबर चपलेला चिकटतंय, आणि हा मातीचा गोळा कसलीही वीज न खाता पाणी गार करतो. कशानं, तर पाझरून. अंगातलं थोडं थोडं पाणी बाहेर जाऊ देतो म्हणून आतलं गार राहतं. बाहेरून छान ऑइलपेंट दिलेला एक माठ आम्ही एकदा आणून ठेवला होता. दिसायला नवरदेव, आणि पाणी मात्र चहा करावा असं. आता शेजारच्या हॉटेलात जारचं पाणी मिळतं, ते दाताला कळ लावतं इतकं थंड असतं. तरी माणसं रस्ता ओलांडून इकडे येतात, वाकतात, पितात आणि 'हाऽऽ' करतात.

मी इथल्या शाळेत लिपिक आहे. गाव मला बाबू म्हणतं. हेडमास्तरांपेक्षा बाबूला मान जास्त असतो, कारण दाखले बाबू लिहितो. माझ्यापाशी गुण असा एकच होता, अक्षर. शाळा सोडल्याचा दाखला मी असा लिहायचो की काही लोक तो फ्रेम करून लावायचे. आणि त्याच हातानं मी प्यायचो. आधी सणाला, मग बाजाराच्या दिवशी, मग दिवस कुठला ते बघायचंच सोडून दिलं. पुढे पुढे सकाळी सही करायला बसलो की पेन कागदाला लागायच्या आधीच थरथरायचं. मी पोरांना ओरडायचो, "टेबल हलवू नका रे." टेबलाजवळ कुणीच नसायचं.

ज्या उन्हाळ्याची गोष्ट सांगायची तो सुरू झाला परीक्षेच्या दिवसांत. माझी मुलगी वैशू तेव्हा तिसरीत होती, आमच्याच शाळेत. दुपारी पेपर सुटला, शाळा रिकामी झाली, आणि किल्ल्या माझ्याकडे. सुदाम फाटकापाशी मोटारसायकल लावून उभा होता. सुदाम माझा वर्गमित्र, त्याचं स्टँडावर स्पेअर पार्टचं दुकान, आणि दुकानामागे आमची बसायची जागा. मी वर्ग बंद केले, पाण्याच्या टाकीची खोली बंद केली, फाटकाला कुलूप लावलं आणि वैशूला बाहेरच्या पायरीवर बसवलं. "आलोच," म्हणालो.

त्या 'आलोच'ला दिवेलागण झाली. पायरीवर सावली नव्हती. गल्लीतल्या एकदोघींनी तिला घरी चल म्हटलं, तर ती उठेना. "पप्पा आलोच म्हणलेत," एवढंच सांगायची. शेवटी दत्तराव तिकडून चालले होते. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झालेले, उंचेपुरे, कमी बोलणारे. त्यांनी तिच्यापाशी बसून आपल्या बाटलीतलं पाणी तिच्या ओंजळीत ओतलं. दोनदा भरून प्याली, आणि मगच त्यांचं बोट धरून उठली. ते तिला घरी सोडून गेले. मला हे सगळं दुसऱ्या दिवशी कळलं, आणि तेही दुसऱ्यांच्या तोंडून.

माझी बायको, मंगल, भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती भांडली नाही. वैशूचे उरलेले दोन पेपर होऊ दिले आणि लेकीला घेऊन चुडाव्याला माहेरी गेली. जाण्याआधी हेडमास्तरांकडे एक कागद देऊन गेली. त्यांनी तो मला बोलावून दाखवला. वैशूच्या दाखल्याचा अर्ज होता. तारीख कोरी, आणि 'शाळा सोडण्याचे कारण' यापुढेही कोरं.

"शाळा उघडेपर्यंत हा माझ्या खणात राहील, असं त्या म्हणाल्यात," हेडमास्तर म्हणाले. "तोवर तुम्ही प्यालात असं एकदा जरी त्यांच्या कानावर गेलं, तर तारीख टाकायची. मग दाखला तुम्हालाच लिहावा लागेल, बाबू. कारणाचा रकाना पण तुम्हीच भरायचा."

मी आयुष्यात शेकड्यांनी दाखले लिहिले. 'पालकांची बदली', 'पालकांच्या विनंतीवरून', 'पुढील शिक्षणासाठी'. त्या रकान्यात खरं कारण लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

त्याच आठवड्यात दत्तराव मला परभणीला घेऊन गेले. दवाखान्यात आठ-दहा दिवस होतो. ते दिवस मी लिहीत नाही, अंगातून काय काय बाहेर पडतं ते ज्याचं त्याला माहीत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रजेचा कागद दिला, आणि सांगितलं की एकट्यानं हे होत नाही, दर रविवारी बैठकीला जायचं. बैठक म्हणजे परभणीतली एक साधी खोली, आठ-दहा सोडलेली माणसं, आल्याचा चहा. दत्तराव तिथले जुने. मला धक्काच बसला. या माणसानं कधी घेतली असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"ड्युटी संपली की पीत होतो. लय पीत होतो," ते म्हणाले. परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो होतो आम्ही. ते सराईतपणे रस्त्याकडे बघत होते, गाडी तेच चालवत असल्यागत. मग म्हणाले, "लेकराला पाणी मी पाजलो, बाबू. तुमचं ऱ्हायलं. आता ह्या उन्हाळ्यात रस्त्याला पाजा."

"माझा हात कापतो, दत्तराव."

"दिसायलंय मला. म्हणूनच म्हणायलोय."

कडुलिंबाखालच्या दत्तरावांच्या पाणपोईवर पेला नसतो. लांब दांड्याचं पितळी ओगराळं असतं आणि समोर ओंजळ असते. धार बारीक हवी, सलग हवी. तुटली तर पिणाऱ्याचा घोट चुकतो, जाड झाली तर कोपरावरून ओघळून कपडे भिजतात. पहिल्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक म्हातारे शेतकरी आले. धोतर, फेटा, पूर्णेला निघालेले. मी ओगराळं उचललं आणि निम्मं पाणी त्यांच्या छातीवर ओतलं.

त्यांनी मान वर केली. "बाबू, पाणी पाजायलाव का आंगूळ घालायलाव?"

झाडाखालची सगळी माणसं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारबांनी फेट्याच्या शेवटानं तोंड पुसलं आणि पुन्हा ओंजळ पुढे केली. "मारा मारा आजून. लय गार वाटायलंय."

त्या पहिल्या आठवड्यात मी अर्धा तालुका भिजवला असेल. पण कुणी चिडलं नाही. यात काही थोरपणा नव्हता, ऊनच तसं होतं. तरी मला त्याचं आश्चर्य सरेना. मी असा माणूस होतो की ज्याच्या हातात बायको दुधाचं पातेलं द्यायची नाही. आणि इथे अनोळखी माणसं माझ्यापुढे वाकत होती. कधी नीट बघितलंय का तुम्ही, ओंजळीनं पाणी पिणारा माणूस कसा दिसतो? तो कमरेत वाकतो. मान खाली घालतो. डोळे मिटतो. दोन्ही हात गुंतलेले, म्हणजे माशी बसली तरी हाकलता यायची नाही. तेवढा वेळ तो सगळाच्या सगळा समोरच्यावर टाकलेला असतो. फौजदार असो, बोकड घेऊन निघालेला माणूस असो, सगळे तसेच वाकतात. गळ्याची घाटी वर-खाली होते आणि घटघट आवाज येतो. मी तो आवाज ऐकत राहायचो आणि अंगावर काटा यायचा.

वरून पाणी ओतण्याला आपल्याकडे एक जुना, वाईट अर्थ आहे. शिवू नये म्हणून लांबून ओतलेलं पाणी जी पिढ्यान् पिढ्या प्याली, ती घरं याच गावात आहेत. दत्तरावांना ते माहीत होतं. म्हणून त्यांनी पाणपोईचा एक कायदा केला होता, आणि तो तिच्याइतकाच जुना होता. पाजणाऱ्यानं स्वतःच्या हातानं प्यायचं नाही. त्याला तहान लागली की ओगराळं समोरच्याच्या हाती द्यायचं, जो कोण असेल त्याच्या, आणि आपण वाकायचं. "कोन हाय, कुठला हाय, इचारायचं न्हाई," दत्तराव सांगायचे. "आन् तसंबी बाबू, ओंजळ करायची म्हणलं तर दोनी हात लागतेत. मंग ओगराळं कोन धरंल?"

दुसरा कायदा असा, की कालचं पाणी आज द्यायचं नाही. संध्याकाळी रांजणात जे उरेल ते कडुलिंबाला, आणि सकाळी हापशावरून पुन्हा कळश्या. पहिले काही दिवस मला हे वेडेपणाचं वाटलं. भर उन्हाळ्यात चांगलं पाणी ओतून द्यायचं? मी एकदा विचारलं, आज जास्त भरून ठेवलं तर उद्याची खेप वाचेल की. तेव्हा माझ्या डोक्यात दिवसरात्र एकच घोर होता, जून कधी येतो, एवढे दिवस कसे निघायचे, आणि पुढचं सगळं आयुष्य. दत्तराव रिकाम्या रांजणात हात घालून तो आतून घासत होते. "उद्याचं उद्या भरू," म्हणाले. "आज सांजेपातूर पुरलं ना? झालं तर." त्या संध्याकाळी मी पाणी बुडाशी ओतलं तेव्हा कडुलिंबाचा मोहोर त्या ओल्या मातीवर पडत होता, पांढरा, नखाएवढा, मंद गोड वासाचा. इतकी वर्षं मी याच झाडाखालून दुकानामागे गेलो होतो आणि मला तो वास कधी आला नव्हता.

दारू सुटताना काय मिळतं असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, नाक मिळतं. आधी वाळ्याचा वास आला, रांजणात टाकलेल्या जुडीचा. मग कुणाच्या तरी पिशवीतल्या कांद्याचा. मग एसटी थांबली की तापलेल्या टायरांचा. एका दुपारी एक बाई पाचटात बांधलेले आंबे घेऊन झाडाखाली बसल्या, आणि मी त्या वासानं इतका हरखलो की त्यांनी न बोलता एक आंबा माझ्या हातात ठेवला. झोप आली. भूक आली. मे महिन्यातली बाराची वेळ मी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून पाहिली. आभाळ निळं नसतं तेव्हा, पांढरं असतं. कुत्री गोणपाटाखालच्या ओल्या वाळूत पोट घालून पडतात. सडकेवर दूरवर पाणी पसरल्याचा भास होतो आणि त्या पाण्यातून एखादी मोटारसायकल कोरडी ठणठणीत बाहेर येते. कुठेही काही हलत नाही, आणि तरी कडुलिंबाला कोवळी तांबूस पानं फुटलेली असतात. त्यांना कुणी पाणी घातलं होतं? आमचं उरलंसुरलं, तेवढंच. मी वर बघत बसायचो आणि मला हात जोडावेसे वाटायचे.

पण उन्हाळा वाईट. बैठकीत सगळे हेच म्हणायचे. लग्नसराई असते, हळदी असतात, वरातीत ओळखीची माणसं बाजूला नेऊन "हे थंड आहे, दारू थोडीच आहे" म्हणतात. आणि तहान लबाड असते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तलफ आली की आधी पोटभर पाणी प्या, मग ठरवा. मला वाटलं होतं, एवढा शिकलेला माणूस आणि सांगतो काय, तर पाणी प्या.

मे महिना निम्मा सरला होता. दत्तराव डोळे तपासायला परभणीला गेलेले, पाणपोईवर मी एकटा. अकरापासून एकही माणूस फिरकला नव्हता, म्हणजे मला पाजायलाही कुणी नव्हतं. घशाला कोरड पडली होती. तीनच्या सुमाराला लग्नाच्या मांडवातून सुदाम आला. कपाळाला गुलाल, हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली, आणि बाटलीत निम्म्यापर्यंत पाणी नसलेलं काहीतरी.

"भर," म्हणाला. "पाणपोईवर न्हाई म्हणत न्हाईत. दत्तरावचाच कायदा हाय."

खरं होतं. मी ओगराळं बुडवलं आणि बाटलीत धार धरली. वास वर आला. इतक्या दिवसांत परत आलेल्या त्या नाकानं तो वास असा ओढून घेतला की डोळ्यांत पाणी आलं. बाटली भरली. सुदामनं एक घोट घेतला आणि माझ्याकडे निरखून बघितलं.

"व्हट फुटलेत तुझे. सकाळधरनं काय पेलास का न्हाई?"

"कुणी आलंच नाही."

"मंग मी आलोय की. कर ओंजळ, मी ओततो." त्यानं बाटली पुढे केली. "कोन हाय ते इचारायचं न्हाई, असंच हाय ना तुमचं?"

त्यात वाईट हेतू नव्हता. त्याच्याकडे जे होतं ते तो मला देत होता. मी ओगराळं खाली ठेवलं. आणि खोटं कशाला बोलू, माझे दोन्ही हात एकमेकांजवळ आले. करंगळीला करंगळी लागली.

तेवढ्यात सडकेवर कर्कश ब्रेक लागला. पूर्णेकडची एसटी होती, बॉनेटमधून वाफेचा लोट निघत होता. दार उघडलं आणि माणसं उतरली, उतरतच राहिली, तीस, चाळीस, लग्नाची, बाजाराची, कडेवर लेकरं घेतलेली. सगळी लाल झालेली. आणि सगळी झाडाकडे, माझ्याकडे आली. जी बाई पहिली पोहोचली तिनं काही विचारलं नाही. लेकरू खांद्यावर टाकलं, माझ्यापुढे वाकली आणि हात पसरले. माझी ओंजळ कधी सुटली आणि ओगराळं कधी हातात आलं ते मला आजही सांगता येत नाही.

पाऊण तास मी पाजत होतो. एकामागून एक ओंजळी. मेंदीच्या, भेगाळलेल्या, बांगड्यांच्या, तंबाखूनं पिवळ्या झालेल्या. ड्रायव्हरनं रेडिएटरला दोन कळश्या नेल्या. रांजणाचा तळ लागायला आला आणि मागून आवाज आला, "सरका, सरका!" सुदाम होता. डोक्यावर कळशी, गुलाल ओघळून शर्टावर आलेला, चाल तिरपी. हापशापासून पाणपोईपर्यंत त्यानं निम्मं पाणी रस्त्याला पाजलं असेल, पण निम्मं रांजणात पडलं. पुन्हा गेला. पुन्हा आला. चार-पाच खेपा केल्या त्यानं, आणि गाडी सुटल्यावर आपल्याच दुकानाच्या बाकड्यावर जाऊन आडवा झाला. तो अजूनही पितो. बैठकीला ये म्हटलं की हसतो. पण दर उन्हाळ्यात एक दिवस न बोलता येतो, रांजण काठोकाठ भरतो आणि निघून जातो.

गाडी गेली. बाटली मात्र राहिली, माझ्या शेजारी, कट्ट्यावर. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मी घाबरलो होतो. दत्तरावांना फोन लावला.

ते एवढंच म्हणाले, "रांजणात पाणी किती हाय?"

"तळाला."

"मंग भरा आदी. मंग फोन करा."

भरलं. दंड भरून आले. पुन्हा फोन केला. "कोन आलंय का?" त्यांनी विचारलं. एक म्हातारी आली होती, काठी टेकत, फाटक्या लुगड्याची, आमच्या गावची नसावी. "पाजा तिला. आन् मंग तिच्या हातानं तुमी प्या. मी हाय फोनवर."

मी फोन तसाच चालू कट्ट्यावर ठेवला. म्हातारीला पाजलं, मग ओगराळं तिच्या हातात दिलं आणि वाकलो. तिला काय माहीत समोरचा कोण, शेजारची बाटली कसली. तिचा हातही कापत होता. पाणी बोटांवर पडलं, मनगटावर पडलं, आणि तोंडात गेलं. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. ती "पे बाबा, पे," म्हणत राहिली. चौथ्या ओंजळीला मी थांबलो आणि तसाच वाकून राहिलो. काहीतरी गेलं होतं. ज्याला मी वर्षानुवर्षं तलफ म्हणत आलो, ज्याच्यापायी लेक उन्हात बसवली, ती त्या क्षणी माझ्या अंगात नव्हती. मला तहान लागली होती. नुसती तहान, सगळ्यांना लागते तशी, आणि ती पाण्यानं भागली होती. कायमची भागली असं नाही, तलफ नंतरही येत राहिली. पण त्या दुपारी मी थक्क होऊन म्हातारीच्या पाया पडलो, आणि ती बिचारी घाबरून लगबगीनं निघून गेली.

बाटली मी संध्याकाळी रिकामी केली. कडुलिंबाला नाही घातली, त्याचा काय गुन्हा? सडकेच्या धुळीत ओतली.

पण त्या एसटीतून चुडाव्याचं कुणीतरी उतरलं होतं. दोन दिवसांनी सासऱ्यांचा फोन आला. "पाणपोईवर बाटली घेऊन बसायलाव म्हणं. आमाला समदं कळलंय." मी सांगायला तोंड उघडलं आणि मलाच ऐकू आलं, की हे असलं मी आधी किती वेळा सांगितलंय. दत्तराव म्हणाले, मी जाऊन सांगतो. मीच नको म्हणालो. पुढच्या रविवारी बैठकीत मी सगळं सांगितलं, जुळलेल्या करंगळ्यांसकट. कुणी सल्ला दिला नाही. शेजारच्या माणसानं फक्त चहाचा दुसरा कप माझ्यापुढे सरकवला. आणि मी रोज सकाळी रांजण भरत राहिलो. जून लागला. शाळेच्या कचेरीत जाऊन दाखल्यांचं पुस्तक बघून आलो. कोरे दाखले वरच होते, पण वैशूच्या अर्जावर तारीख पडली का, हे हेडमास्तरांना विचारायचा धीर झाला नाही.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी एसटी थांबली आणि मंगल उतरली. मागून वैशू. उन्हाळ्यात पोरी किती वाढतात! मंगलच्या हातात एक लहान पिशवी होती, एवढी लहान की तिच्यावरून काही कळू नये. त्या दोघी सडक ओलांडून झाडाखाली आल्या.   वैशूनं आईकडे बघितलं आणि माझ्यापुढे येऊन ओंजळ केली. एवढीशी ओंजळ. मी श्वास धरून धार सोडली. तुटली नाही. ती प्याली, पुन्हा ओंजळ केली, पुन्हा प्याली, आणि ओल्या तोंडानं बाजूला झाली. दत्तराव रांजणामागे उभे होते, ते उगाच गोणपाटावर पाणी मारायला लागले.

मग मंगल पुढे आली. वाकली. आणि माझा हात कापला.

पाणी तिच्या बांगड्यांवर पडलं. तिनं मान वर केली. ती थरथर तिनं किती वर्षं पाहिली होती. तिनं डोळे माझ्यावर रोखले आणि श्वास आत घेतला, लांब, हळू, मी परतलो की दारात उभी राहून वास बघायला रोज घ्यायची तसा. मी हललो नाही. ओल्या गोणपाटाचा वास होता, वाळ्याचा होता, घामाचा होता. तिनं दुसऱ्यांदा श्वास घेतला. मग मान पुन्हा खाली घातली आणि डोळे मिटले.

मी पाजलं. धार कशीही पडत होती, तिनं ती तशीच गाठून प्याली. पिऊन झाल्यावर पदरानं तोंड पुसलं.

"उद्या शाळा कितीला भरती?" तिनं विचारलं.

"साडेदहाला," मी म्हणालो. 

तिनं पिशवी कट्ट्यावर ठेवली. माझ्या तोंडाकडे बघितलं, फुटलेल्या ओठांकडे. "सकाळधरनं काय पेलेत का न्हाई?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"द्या इकडं," म्हणत तिनं माझ्या हातातलं ओगराळं घेतलं आणि रांजणात बुडवलं. "करा ओंजळ."

मी दोन्ही हात जोडले आणि वाकलो.